डोंगर उजव्या हाताला

शनिवारी सकाळी देवापुढे दिवा लावला, पाण्याच्या बाटल्या, आलेखाचा कागद आणि डबा पिशवीत भरला आणि निघालो. बायकोनं दारातूनच विचारलं, “अहो, एवढी बांधाबांध? कुठल्या गावाला?”

“गोराईला.”

“गोराईला! मला वाटलं काशीला.”

तिचं हसणं बरोबर होतं. आमचं घर बोरिवली पूर्वेला. गोराई म्हणजे बस आणि बोट, झालं. पण मला तिथून सुरुवात करून पार मुलुंडच्या खाडीपर्यंत जायचं होतं, आणि तेही अभ्यासासाठी.

मरोळच्या एका कारखान्यात मी स्टोअर सांभाळतो. मुलगा कमावता झाला तेव्हा राहून गेलेलं शिक्षण आठवलं आणि दूरशिक्षणातून बी.ए.ला नाव घातलं. विषय भूगोल आणि पर्यावरण. आमच्या गावच्या शाळेत गुरुजींनी पावसाळा सरल्यावर अंगणात लाल मातीचा अख्खा गाव करायला लावला होता. डोंगर, पावसाळी ओढ्याचा व्हाळ, देऊळ, सगळं. तेव्हापासून मनात या विषयाची गोडी होती, तिला इतक्या वर्षांनी दार मिळालं. शेवटच्या वर्षाला क्षेत्रअभ्यासाचा एक पेपर असतो. आमच्या मॅडमनी विषय दिला: समुद्रापासून खाडीपर्यंत उपनगराचा छेद. फणस मधोमध कापला की आतली रचना दिसते, तसा जमिनीचा छेद. कुठे उंच, कुठे सखल, कुठे खारी माती, कुठे खडक, कुठे घरं, ते एका लांब कागदावर काढायचं. मॅडमचा नियम एकच, “जिथून पाय गेले ती जमीन अखंड रेघेनं. जिथून गेले नाहीत ती तुटक. आणि तुटक फार झाली, तर मी कागद परत पाठवीन.”

काम जोडीनं करायचं होतं. माझी जोडीदार सायली, मालाडची, माझ्या मुलापेक्षाही लहान. दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला बसते. तिला दुसऱ्या शहरात पर्यावरणाच्या एम.ए.ला जागा मिळाली होती, फक्त हा एक पेपर सुटायचा होता. गेल्या वर्षी सुट्टी न मिळाल्यानं तिचा तो राहिला होता. घरच्यांनी तिला आणखी एकच वर्ष दिलं होतं. पुढच्याच आठवड्यात तोंडी परीक्षा होती. म्हणजे कागद परत आला असता, तर माझं काही बिघडणार नव्हतं. तिचं सगळं बिघडणार होतं.

बोरिवली पश्चिमेला सायली भेटली आणि आम्ही गोराई खाडीची बस पकडली. सकाळी लवकर गेलात तर बसायला जागा मिळते. जेट्टीवर बोटीचं तिकीट किरकोळ आहे, सुटे पैसे ठेवा. बोटीत रिकाम्या टोपल्या घेऊन परतणारी एक मावशी समोर बसली होती.

“पोरगी तुमची?” तिनं विचारलं.

“नाही, माझ्या वर्गात आहे.”

“म्हणजे तुम्ही मास्तर.”

“नाही हो, मीही विद्यार्थीच.”

मावशी जोरात हसली. “या वयात शाळा? बायकोनं घराबाहेर काढलं काय?”

“काढलं नाही मावशी,” सायली म्हणाली, “डबा देऊन पाठवलंय. वास बघा ना!”

डब्यात घावणे आणि काळ्या वाटाण्याची उसळ होती. गोराईच्या किनाऱ्यावर पाण्यात पाय भिजवून आम्ही पहिली नोंद केली. फोनमधल्या ॲपवर उंची जवळजवळ शून्य. मी समुद्राला हात जोडले. सायली म्हणाली, “काका, नमस्कार झाला की तापमान पण लिहा.”

परतीच्या बोटीतून तिवरांची रांग नीट पाहिली. तिवरं संपतात तिथून इमारती सुरू होतात, मधे श्वास घ्यायलाही जागा नाही. मग बोरिवलीतून पूर्वेकडे चालत राष्ट्रीय उद्यानाच्या फाटकापर्यंत आलो. जाणार असाल तर सोमवार टाळा, उद्यान बंद असतं. फाटकाबाहेर मीठमसाला लावलेली काकडी आणि आवळे मिळतात, ते जरूर घ्या, पण आत माकडांना दाखवू नका. कान्हेरीपर्यंत बस जाते. आम्ही मात्र चाललो, कारण रेघ अखंड हवी होती. रस्त्याच्या कडेनं दहिसर नदी आहे. फाल्गुनात तिच्यात पाण्यापेक्षा गोटेच जास्त. वर पळस फुलला होता. मी या फाटकापासून हाकेच्या अंतरावर राहतो, आणि इतकी वर्षं हा पळस माझ्यावाचूनच फुलून गेला, याचं वाईट वाटलं आणि आता पाहायला मिळाला म्हणून बरंही वाटलं.

कान्हेरीच्या लेण्यांजवळ खडकात कोरलेली पाण्याची टाकी आहेत. त्या उन्हातही काहींत पाणी होतं. डोंगरानं पाणी कसं धरायचं हे इथल्या बौद्ध भिक्षूंना किती आधी कळलं होतं! आम्ही तिथे डबा उघडला. इथवर सगळं झकास होतं.

घोटाळा पुढे झाला आणि तो माझा होता. मॅडमनी सांगितलं होतं, कान्हेरीच्या पलीकडे जंगलात शिरायचं तर वनखात्याची लेखी परवानगी काढा. सायलीनं मला दोनदा आठवण केली होती. मी म्हणालो होतो, “अगं, एवढासा डोंगर! आमच्याकडे बाजाराला जाताना असे डोंगर ओलांडतात. विनंती करू, कोण अडवतंय?” गावाकडच्या माणसाला डोंगर म्हणजे वाट वाटते. वाटेला परवानगी लागते, हे डोक्यात शिरतच नाही.

लेण्यांच्या मागच्या वाटेवर पहारेकऱ्यानं अडवलं. माझी बोली ऐकून त्यानं विचारलं, “तुमी खंयचे?”

मला हायसं वाटलं. “कुडाळकडचो.”

“मगे? गाववालो म्हणान सोडलंय आणि वाघान तुमका खाल्ल्यान, तर सायब माका इचारतले!”

“अहो, जरा पलीकडे मुलुंडला उतरू आणि...”

“काकानू, परवानगी घेवन येवा. मी सोता तुमका वाट दाखवतंय.” मग सायलीकडे पाहून तो नीट मराठीत म्हणाला, “ताई, राग नका मानू. आत बिबटे आहेत, त्यांचं घर आहे ते.”

 परतीच्या बसमध्ये सायली खिडकीबाहेर बघत राहिली. उतरताना एवढंच म्हणाली, “काका, तुम्ही म्हणाला होतात होईल.”

ते वाक्य घेऊन मी घरी आलो. जपाला बसलो, तर मणी पुढे सरकेना.

रविवारी दुसरी बाजू गाठायची होती. बोरिवली पूर्वेहून घोडबंदर मार्गे ठाण्याची बस धरली. वेळ हाताशी ठेवून निघा, घोडबंदर रस्त्यावर गाड्या कधी तुंबतील सांगता येत नाही. मी सायलीला उजवीकडची खिडकीची जागा दिली.  दहिसर मागे पडलं, काशिमीरा आलं, बस वळली. मग ठाण्यात उतरून मुलुंडची बस घेतली. मुलुंड पश्चिमेला एका छोट्या हॉटेलात इडली-सांबार खाल्लं. गरम आणि स्वस्त. सायलीनं चटणी दोनदा मागवली, तेव्हा माझ्या जिवात जीव आला.

मुलुंड कॉलनीच्या पुढे, घरं संपतात तिथे डोंगराचा पायथा लागतो. तिथे कोरड्या ओहोळात गोल गोटे पडले होते, अगदी कालच्या नदीतल्यासारखे. तिथून रेघ पुन्हा सुरू केली. उतारानं बाजार, मग रेल्वे ओलांडून पूर्वेला, द्रुतगती मार्गाच्या पलीकडे मिठागरांच्या बाजूला. शेवटची नोंद खाडीकाठच्या तिवरांजवळ. दूर चिखलात रोहित पक्ष्यांचा, म्हणजे फ्लेमिंगोंचा, गुलाबी थवा उतरला होता. पाहणारे आम्ही दोघंच. उत्तम दुर्बीण असेल तर न्या, नसेल तरी जा.

तिथल्या बांधावर बसून सायलीनं कागद मांडीवर पसरला. दोन्ही टोकांच्या रेघा आल्या होत्या. मधे मोठी पोकळी.

“फोनवर मधल्या उंच्या मिळतात, काका. सॅटेलाइटच्या. मी रात्रीच काढून ठेवल्यात.” तिनं पेन्सिलीनं भराभर बिंदू मांडले आणि हलक्या हातानं अखंड रेघ ओढली. डोंगर सुबक दिसत होता. “सगळे असंच करतात. मॅडमना काय कळणार आहे?”

मी गप्प राहिलो.

“बोला ना. तुम्ही गप्प बसलात की मला जास्त भीती वाटते.”

“तुटक काढावी असं मला वाटतं,” मी म्हणालो. “पण परवानगीचा आळस माझा आणि वर्ष तुझं. तुझ्या वर्षावर मी माझा खरेपणा मिरवणार नाही. तू काढशील त्या रेघेखाली मी सही करीन.”

“म्हणजे पाप माझ्यावर ढकललंत.”

“नाही गं. अर्धं माझं.”

ती हसली नाही. कागद गुंडाळून उठली.

मुलुंडहून पवईमार्गे बोरिवलीची बस मिळते, आम्ही त्याच बसनं परतलो. सायली पुन्हा उजव्या खिडकीत. भांडुप गेलं, बस पश्चिमेला वळली, पवईचा तलाव आला, त्यामागे डोंगर. ऊन उतरत होतं. काचेवर बोट ठेवून ती म्हणाली, “काका, एक गंमत बघितली? हा डोंगर सकाळपासून माझ्याच खिडकीत आहे. बोरिवलीला होता, घोडबंदरला होता, ठाण्यात होता, आता पण आहे. मी एकदाही बाजू बदलली नाही.”

मला आधी समजलं नाही. मग समजलं आणि मी आपोआप हात जोडले. “अगं, प्रदक्षिणा झाली की आपली! प्रदक्षिणेत देव उजव्या हाताला असतो.”

“झालं! तुम्ही पेपरला पण देव लावला.”

“लावला नाही. तूच दाखवलास. देवळात आपण गाभाऱ्याभोवती फिरतो, आत पुजारी जातो. आपण आत शिरलो नाही म्हणून दर्शन झालं नाही असं कुणी म्हणतं का?”

 जोगेश्वरीच्या सिग्नलला बस खूप वेळ थांबली. तिनं पिशवीतून कागद काढला, खोडरबर घेतला आणि मधली रेघ पुसायला लागली. मी म्हणालो, “सायली, विचार कर. परत पाठवला तर?”

“तर मी रडेन आणि तुम्ही मला घावणे खायला घालाल. कागद धरा घट्ट.”

मी कागद धरला. बस सुटली, हलत होती, आणि तिनं तशाच हलत्या बसमध्ये एकेक तुटक रेघ ओढली. मालाडला ती उतरली. मी पुढे बोरिवलीला उतरलो, जिथून सकाळी चढलो होतो तिथेच.

तोंडी परीक्षेच्या दिवशी बाहेर बाकावर बसून मी मनातल्या मनात गावच्या रवळनाथाला आळवत होतो. माझ्यासाठी काही मागितलं नाही. आत गेलो. मॅडमनी कागद टेबलावर पसरला, चष्मा वर केला.

“मधे एवढं तुटक?”

“तिथे आमचे पाय गेले नाहीत, मॅडम,” सायली म्हणाली. “परवानगी नव्हती.”

“फोनवर उंची मिळते की.”

“मिळते. मी काढलीही होती. पण ती फोननं पाहिलेली, आम्ही नाही. आम्ही डोंगराच्या चारी बाजूंनी फिरलो, तेवढं लिहिलंय.”

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. “हे तुमचं शिकवणं दिसतंय.”

मी काही म्हणायच्या आत सायली म्हणाली, “नाही. काका कुठल्याही रेघेवर सही करणार होते. ही रेघ माझी आहे.”

“बरं. आणि ही इतकी थरथरलीय का?”

“बसमध्ये काढली, मॅडम. पुन्हा नीट काढावीशी वाटली नाही.”

मॅडमच्या चेहऱ्यावरचं हसू आधी डोळ्यांत आलं, मग बाकीच्या चेहऱ्यावर. “मार्क कमी पडतील,” त्या म्हणाल्या, “परवानगी आधी काढायला हवी होती. पण परत नाही पाठवत मी हा कागद.”

मार्क खरंच बेताचेच पडले. सायली एम.ए.ला गेली. परवा तिचा फोन आला होता, तिथे पाणी फार जड आहे, डाळ शिजत नाही म्हणाली. मग तिथल्या खडकाबद्दलच बराच वेळ बोलत राहिली. तिचे, मॅडमचे, त्या पहारेकऱ्याचेही माझ्यावर उपकार आहेत. त्यानं गाववाला म्हणून सोडलं असतं, तर मी सरळ चालत पलीकडे उतरलो असतो आणि डोंगराला कधी वळसा घातला नसता.

छेदाची एक प्रत मी घरी आणली. बायकोनं ती दिव्याच्या उजेडात धरून पाहिली. “हे गोराई, हे मुलुंड. मधे हे काय?”

“डोंगर. तिथे गेलो नाही.”

“मग आहे कशावरून?”

“दोन्हीकडचं पाणी तिथूनच उतरतं.”

तिनं जरा विचार केला. “मग परवानगी काढा,” ती म्हणाली. “या वेळी मी पण येते. डबा मोठा घेऊ.”

वनखात्यात अर्ज दिला आहे. उत्तर यायचंय. तोवर रोज मरोळहून सुटल्यावर हायवेनं बोरिवलीची बस धरतो. आता जागा असली तर मी उजव्या बाजूला बसतो.