अंगणातलं चार फूट पाणी

ज्या शहरात नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येतं, तिथे पोहण्याचा तलाव विकत घ्यायला निघालेली बाई वेडीच असणार, असं माझं मलाच वाटत होतं. तरी गेल्या उन्हाळ्यात मी तो घेतला. हौस म्हणून नाही. मला पोहता येत नाही आणि शिकायचंही नाही. आमच्या ह्यांना चालता यावं म्हणून घेतला.

हे म्हणजे माझे यजमान. कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये जन्मभर फिटर होते. निवृत्तीनंतर आम्ही सोलापुरात विजापूर रोडच्या बाजूला घर बांधलं. मशीनच्या आवाजात बोलायची सवय लागलेला माणूस, त्यामुळे ह्यांचं साधं बोलणंही शेजारी ऐकू जायचं. एखादी वस्तू जागेवर नसली की अख्खं घर डोक्यावर घ्यायचे. मीही प्राथमिक शाळेत आयुष्य काढलेलं, साठ पोरांना गप्प करायची सवय. आमची जुगलबंदी चालायची. खरं सांगायचं तर भांडण हेच आमचं बोलणं होतं.

दिवाळीच्या साफसफाईत हे स्टुलावरून पडले आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन छान झालं, सांधा बसला, पण हे काही चालेनात. वॉकर धरून चार पावलं टाकली की घामाघूम व्हायचे आणि खुर्ची गाठायचे. त्याहून वाईट म्हणजे हे एकदम गरीब गाय झाले. चहा गार असला तरी "चालतंय." भाजी अळणी असली तरी "चांगली झालीय की." स्वयंपाकघरातला नळ गळायला लागला म्हणून मी प्लंबर बोलावला. पूर्वी ह्यांनी त्याला फाटकातूनच परत पाठवला असता. त्या माणसाने वायसर चुकीचा बसवला, हे खुर्चीतून बघत होते, आणि म्हणाले, "असू दे. हुतंय असं." त्या दिवशी मी घाबरले. पायाचं जे व्हायचं ते होवो, पण माझा माणूस मला परत पाहिजे होता.

व्यायाम करून घ्यायला यायची ती फिजिओथेरपीवाली मुलगी म्हणाली, "काकू, ह्यांना पाण्यात चालवा. छातीपर्यंत पाणी असलं की पायावर भार कमी येतो." म्हणून एकदा रिक्षा करून गावातल्या तलावावर नेलं. सरळसोट लोखंडी शिडी आणि धपाधप उड्या मारणारी पोरं बघून हे रिक्षातून उतरलेच नाहीत. "नगं," एवढंच म्हणाले.

मुलगा पुण्याला असतो. त्याने फोनवर एक फोटो पाठवला. जमीन न खणता नुसता वर मांडायचा तलाव. लोखंडी नळ्यांची गोल चौकट आणि तिच्यात टांगलेलं जाड प्लॅस्टिक. मला आधी ते फुगवायचेच पसंत पडले होते, कडेला बदकं असलेले. मग कळलं की त्यांत पाणी गुडघ्यापर्यंतच येतं. ती बदकं गेली.

तेव्हाच माझ्या मनात आलं, की निवड ह्यांच्याकडूनच करून घ्यायची. पंप, गाळणी, शिडी, सगळं ह्यांच्या डोक्यातलं. वर्गात रुसलेल्या पोराला फळा पुसायचं काम देतात, तसलाच प्रकार. मी रोज फोन घेऊन ह्यांच्यासमोर बसायला लागले.

मुलगा म्हणत होता, गच्चीवर मांडा, अंगण अडणार नाही. ह्यांनी पेन्सिल मागितली. वर्तमानपत्राच्या कडेला काहीतरी आकडे मांडले आणि हळूच म्हणाले, "बारा फुटी घेतला तर बारा-तेरा टन पाणी हुतंय. स्लॅब खाली यील." मी त्या आकड्यांपेक्षा पेन्सिलीकडेच बघत होते. कितीतरी महिन्यांनी ती ह्यांच्या हातात आली होती.

गाळणीचे दोन प्रकार होते. एक वाळूची. मोठी, दणकट, पण साफ करायला पाणी उलटं सोडायचं आणि ते सगळं वाहून जाणार. दुसरी आतली कागदी नळी काढून बादलीभर पाण्यात धुवायची. दुकानदार फोनवरून वाळूचीच घ्या म्हणून मागे लागला होता. ह्यांनी नळीची सांगितली. "सोलापुरात पानी उलटं सोडायचं म्हंजे काय," म्हणाले. एरवी हे वाक्य गल्लीत गर्दी जमेल अशा आवाजात आलं असतं. आता मला कान पुढे करावा लागला. वर पुन्हा, "तुला पटंल तसं कर."

तलावाबरोबर येणारी शिडी अरुंद दांड्यांची होती. ह्यांनी रुंद पायऱ्यांचं चित्र काढून दिलं, बाहेरून चढायच्या आणि आतून उतरायच्या, दोन्ही बाजूंना कठडा. वेल्डिंगवाल्याने तशा बनवल्या. खालचं प्लॅस्टिक फाटू नये म्हणून पायांना जुन्या टायरचे तुकडे लावले. झाकण मात्र मी निवडलं. अंगणात कडुनिंब आहे, आणि सोलापूरचं एप्रिलचं ऊन उघडं पाणी काही ठेवत नाही. मी सगळ्यांत जाड ताडपत्री आणली.

बोअरचं मचूळ पाणी थोडं थोडं सोडत तीन दिवसांनी तलाव भरला. भिंतीपलीकडची अक्का बघायला आली. त्या घरी कानडीच बोलतात. तलावाच्या कडेला हात ठेवून म्हणाली, "अय्यो, केवढं नीरू हे! ह्यात पाय घालनार व्हय तुमी?" तिने आपलं सहज विचारलं, पण ह्यांना आत न उतरायला ते निमित्त आयतंच सापडलं.

त्यानंतर दहा-बारा दिवस हे त्या पाण्याची चाकरी करत होते. सकाळी खुर्ची तलावाशेजारी ओढायची. पाण्यात क्लोरीनचं औषध किती पडलं ते बघायचं, जाळीने पानं काढायची, पंपाला हात लावून बघायचं. आत मात्र उतरायचं नाही. एक दिवस पाणी अजून निवळलेलं नसायचं, दुसऱ्या दिवशी औषध जास्त झालेलं असायचं, तिसऱ्या दिवशी अंगात कणकण. शाळा बुडवणाऱ्या पोरांची सगळी कारणं मला पाठ आहेत, त्यांत नवीन एकही नव्हतं. शेवटी माझं डोकं फिरलं. मी पंजाबी ड्रेस घालून स्वतःच आत उतरले आणि कठडा धरून ह्यांच्या नाकासमोर गोल गोल फिरले. लाज वाटून तरी येतील म्हणून. हे म्हणाले, "सांबाळून गं."

मी भिजलेल्या कपड्यांनीच समोर येऊन उभी राहिले. "अहो, एवढं सगळं कुणासाठी केलंय मी?"

हे खाली बघत बोलले. "पाय घसरला तर? पुन्यांदा दवाखाना, पुन्यांदा तू रात्रंदिस उशाशी. तुला लई तरास दिला की म्या. आता गप बसतो, तेवडाच तुला इसावा."

म्हणजे हा गरीबपणा माझ्यासाठी चालला होता. माझा त्रास वाचवायला हा माणूस इतके महिने आवाज गिळून बसला होता. मला राग आला, रडूही आलं. मी ओले कपडे बदलायला आत निघून गेले.

त्यानंतर मी आग्रह सोडला. ताडपत्री घालून तलाव विकून टाकावा, असंही मनात येऊन गेलं.

चार दिवसांनी, सकाळी मी भाकरी थापत होते. अंगणातल्या पंपाचा आवाज बदलला. रोजची एकसुरी घरघर जाऊन तो मध्येच गुरगुरायला लागला. मला तेवढंही कळलं नसतं, पण खुर्ची सरकल्याचा आवाज आला आणि पंप बंद झाला. वाटलं, झालं, बिघडलं एकदाचं. तव्यावरची भाकरी उलटली, तोच बाहेरून अशी आरोळी आली की परातीतला हात तसाच राहिला.

"आगं ए! कुटं हाईस?"

मी धावत बाहेर गेले. वॉकर पायऱ्यांशी उभा होता. हे तलावात होते. सदरा अंगावर, पायजमा पाण्यात फुगलेला, पाणी छातीपर्यंत. पायऱ्यांपासून पार पलीकडच्या कडेला, जिथे पंपाची नळी आत येते तिथे पोचले होते. मध्ये बारा फुटांत धरायला काही नव्हतं. एक हात पाण्याखाली घालून हे नळीच्या तोंडावरची जाळी चाचपत होते.

"निंबाचा फुलोरा बसलाय समदा! पंप हवा वडतोय! जळला असता की माजा पंप! बगतीस काय अशी? पाना आन! बारका न्हाय, मोटा!"

ह्यांनी एक पाय उचलून दुसरीकडे ठेवला, नीट जोर लावायला, आणि आपण काय केलं हे त्यांच्या ध्यानातही आलं नाही. माझ्या मात्र आलं.

आत गेले. मोठा पाना ह्यांच्या हत्यारांच्या पेटीत वरच होता, लगेच हाताला लागला. भाकरी करपल्याचा वास येत होता, गॅस बंद केला. पिठाच्या हातांनीच डोळे पुसले.

"आगं, पाना घडवाया गेलीस व्हय!" बाहेरून दुसरी आरोळी आली. पलीकडच्या घरात भांडं पडल्याचाही आवाज झाला.

पाना माझ्या हातात होता. दार चार पावलांवर होतं. मी तिथेच भिंतीला टेकून उभी राहिले, आणि तिसरी आरोळी येईपर्यंत हलले नाही.