नऊ नंबरचा आवाज

आमच्या बॅचमधी चौदा जनं. त्यातल्या कुनी शाळा सोडली आन कुनाला शाळंनं सोडलं ह्याच्यावर डबा खाताना रोज भांडनं. मी दुसऱ्यातली. पलूसजवळ आमचं गाव, दारात ऊस, घरात फौजेतनं रिटायर हून आलेला बाप, आन मी दहावीच्या गणितात दोनदा गचकलेली. त्येच्यानंतर दोन वर्सं घरात बसून काय केलं असं कुनी इचारलं तर मला सांगता येत न्हाई. खरंच न्हाई येत. भांडी घासली असतील, म्हशीला पानी दावलं असंल. कुनी हाक मारली की "आं" म्हनायचं, संपलं बोलनं. आई शेजारनीला सांगायची, "पोरगी गरीब हाय वं लय, आवाज न्हाई तिचा."

मग कुनाकडनं तरी बापाला कळलं, की तासगावच्या बाजूला बेदाण्याच्या एका कोल्ड स्टोरेजमधी एक संस्था शाळा सुटलेल्या पोरापोरींना सहा महिन्याचा कोर्स देती, ऱ्हानं-खानं तिथंच. सकाळी मशिनी, म्हंजे कॉम्प्रेसर, वायरिंग, गॅस, पंखे. दुपारी "बोलायचा तास", त्यात मुलाखत कशी द्यायची, फोनवर कसं बोलायचं, उभं कसं ऱ्हायचं. बाप म्हनला, "जा. न्हाई जमलं तर तुज्या आत्यानं स्थळ आनलंयच." झालं. मी एस्टीत बसले.

आता चेंबर, म्हंजे माल ठेवायची थंडगार खोली, कसं असतंय ते आधी सांगते, त्याशिवाय फुडचं कळायचं न्हाई. चार डिग्री. बेदाण्याचे बॉक्स जमिनीपासनं पार छतापातूर रचलेले, आन दोन थप्प्यांच्या मधी बोळ, एकच मानूस जाईल एवढा. भिंतींना खिडकी न्हाई. दाराला जाड प्लास्टिकच्या पट्ट्यांचा पडदा. लाईटचं बटन भाईर. आतनं ढकलायला दांडा हाय, भाईरनं कुलूप असलं तरी त्येनं दार उघडतंय, धोक्याची बेल बी हाय, पन दोनी दाराशीच. लाईट गेली आन तुमी मागच्या बोळात असला तर दार कुन्या अंगाला हाय हेच कळत न्हाई. पंख्यांचा आवाज सगळीकडनं सारकाच येतो. आन माल भरलेला असला की आपला आवाज लांब जातच न्हाई, ते बॉक्स गिळत्यात त्याला. पहिल्या दिवशी मी आत नुसती खोकले तर मला वाटलं दुसरंच कुनीतरी खोकलं, तोंडाला फडकं लावून.

मशिनी शिकवनारे सर सातारच्या बाजूचे, फौजेत वर्कशॉपला काढलेली उमर. त्यांचा एक नेम हुता. चेंबरमधनं सगळी भाईर आली की सर पॅनलकडं तोंड करून वहीत रीडिंग लिवायचे, आमच्याकडं पाठ, आन वरडायचे, "गिनती लगाव!" मग एक, दोन, तीन, परत्येकानं आपापला नंबर बोलायचा. चौदा झालं की लाईट बंद, दार बंद.

"बघू नका, आयका," सर म्हनायचे. "आवाज आला म्हंजे मानूस हाय."

मी चार नंबर. नऊ नंबरला तासगावचाच एक पोरगा हुता, उंच, सदा झोपेतनं उठल्यासारका. त्याचा आवाज बी तसाच, जाड आन उशिरा येनारा. दहा नंबरला जतकडची एक पोरगी. तिची घरची मेंढरं राखनारी मानसं, वर्सातलं निम्मं फिरतीवर, म्हनून तिची शाळा कवाच सुटलेली. ती माज्याच खोलीत ऱ्हायची.

बोलायचा तास एक मॅडम घ्यायच्या, तिथं बी हजेरी नंबरानंच हुती. पहिल्याच आठवड्यात एकदा आठ झालं आन फुडं शांत. नऊ नंबर मागं भिंतीआड तंबाखू मळत बसलेला, आमाला म्हाईत. मॅडमचं पेन थांबलं. आन माज्या गळ्यातनं, शप्पत सांगते, मी ठरवलं नव्हतं, जाडाभरडा, झोपाळू आवाज आला, "नऊ."

सगळा वर्ग फुटला! एकजन बाकावरनं खाली. "आयला, त्याचा आत्मा बोलला रं!" मॅडमनी वर बघितलं. "कुनी केलं?"

मी हात वर केला. दोन वर्सांत पहिल्यांदा मी कशासाठीतरी हात वर केला हुता. मॅडम रागवतील वाटलं, तर त्या म्हनल्या, "आवाज हाय की गं तुला. आता तुजा काढ."

तिथनं मी सुटले बघा. बोलायला लागले की थांबंचना. मॅडमचा आवाज, सरांचा, मेसच्या मावशींचा, एस्टीच्या कंडक्टरचा. "आवं मॅडम, हिला रेडिओवर घाला, आमची डोस्की वाचतील," पोरं म्हनायची. मुलाखतीच्या सरावात सगळ्यात आधी मी उभी. घरी फोन केला तर आईनं इचारलं, "कोन बोलतंय?" मला लय भारी वाटलं तवा. पन नऊ नंबरचा आवाज माजा सगळ्यात पक्का हुता, आन तो बी जाता जाता म्हनायचा, "चार, माजी प्रॉक्सी मार गं." मी मारायची. बोलायच्या तासाला. आन मग एकदा दोनदा सरांच्या गिनतीला बी. तो नेहमी सगळ्यांच्या आधी भाईर सटकायचा, तंबाखूला, मग आपला तो भाईरच हाय की. काय फरक पडतोय?

सरांना वास आला असंल. एक दिवस म्हनले, "माज्या गिनतीत एकानं दुसऱ्याचा नंबर बोलला, तर त्याच दिवशी ट्रंक उचलायची. घरी." मी मान हलवली. घरी म्हंजे आत्याचं स्थळ, हे मला सरांनी सांगायची गरज नव्हती.

त्या दिवशी आमी सगळ्यात मागच्या चेंबरमधी हुतो. परत्येकाला एकेक बोळ दिलेला, हातात थर्मामीटर, आत जाऊन टेंपरेचर लिवून आनायचं. नऊला शेवटचा बोळ. अंगात आमच्या ती जाड निळी जाकिटं, पायात गमबूट. सव्वा बाराला सरांनी हाळी दिली, सगळी पडद्यातनं भाईर. सरांची पाठ. "गिनती लगाव!"

एक. दोन. तीन. मी, चार. पाच, सहा, सात, आठ.

शांत.

एवढुशी शांतता. मी बघितलं बी न्हाई. गेला असंल भाईर, म्हनून मी मान खाली घातली आन म्हनलं, "नऊ."

जतकडची लगेच दहा म्हनली न्हाई. तिनं आधी शेजारी बघितलं. मग म्हनली, "दहा." चौदापातूर झालं. बटन खट्ट. दार धाडकन.

आमी निंबाखाली डबं सोडून बसलो. ऊन असलं कडक की हाताला चटका. मी काहीतरी नकला करत हुते, पोरं हासत हुती. जतकडचीनं भाकरी मोडली न्हाई.

"काय झालं गं?" मी इचारलं.

"एक कमी हाय."

"चौदा झालं की. आयकलं न्हाई व्हय?"

"आमी मेंढरं मोजत न्हाई," ती म्हनली. "मोजली की कमी हुत्यात, म्हनत्यात. आमी नुसती नजर फिरवायची. कोन न्हाई ते दिसतंय. आकडा नंतर कळतो." आन तिनं आमच्यावरनं सावकाश नजर फिरवली, ह्या टोकापासनं त्या टोकाला, खरंच कळपावरनं फिरवत्यात तशी. माज्यावर येऊन थांबली.

मी उठले. म्हनलं पानी पिऊन येते. आधी भिंतीआड गेले. तिथं कुनी नव्हतं, तंबाखूच्या पिचकाऱ्या सुकलेल्या. मग आत, चेंबरच्या भाईरच्या पडवीत, जिथं आमची जाकिटं टांगायच्या खुट्या. चौदा खुट्या. तेरा जाकिटं. नवव्या खुटीखाली त्याच्या चपला, एका पायावर दुसरा पाय ठेवून कुनी उभं असावं तशा.

दाराला कान लावला. जाड दार ते. काही न्हाई. नुसती पंख्यांची घरघर. पन कान लावून उभी ऱ्हायले तसं मला वाटाया लागलं की त्या घरघरीत कुनीतरी मोजतंय. लय हळू. आठपातूर येतंय आन थांबतंय.

आता ह्यो भाग मी कुनाला धड सांगितलेला न्हाई. दाराचा खटका माज्या हाताला लागत हुता. पन तो सरांच्या कुलपानं बंद, चावी सरांच्या खिशात. म्हंजे सरांना सांगाया पायजे. सांगितलं तर ट्रंक. मी तिथं उभी ऱ्हायले. मनात म्हनलं, तो आतनं बेल वाजवंल, दांडा ढकलंल, येईल भाईर, मग सांगायचीच गरज न्हाई. आन बेल वाजत नव्हती. किती वेळ? मला वाटतं पाच मिनटं. मानूस चार डिग्रीत अंधारात हाय आन मी पाच मिनटं माजी ट्रंक बघत उभी. मागनं पावलं आली. जतकडची. तिनं खुटीकडं बघितलं, मग माज्याकडं.

मी पळाले. सर पत्र्याच्या शेडमधी जेवत हुते.

"सर, नऊ आत हाय."

"चौदा आयकलं मी."

"नऊ मी म्हनलं, सर."

सरांच्या हातातला घास ताटात पडला. पळताना त्यांचा गुडघा वाजत हुता, टक टक, तेवढं आठवतंय.

दार उघडलं. थंड वाफ पायावरनं भाईर आली. लाईट लावली तरी मागचा बोळ काळाच, बॉक्सांची सावली पडती. सर वरडले, "नऊ! ए नऊ!" त्यांचा दनदनीत आवाज तिसऱ्या थप्पीपातूर गेला आन बुडाला. आमी सगळी वरडलो. काही न्हाई. वाटलं आत कुनी न्हाईच, आमी उगंच एका आकड्याला हाका मारतोय.

तवा जतकडचीनं जिभेनं आवाज काढला. टाळूला जीभ लावून काढत्यात तो, मेंढरू चुकलं की. बारीक, पन टोकदार. तो आवाज बॉक्सांनी गिळला न्हाई, मधल्या फटीतनं गेला असंल. तिनं तो तीनदा काढला आन थांबली. आन पार मागनं, लाकडावर बोट मारल्यासारकं, टक. मग परत टक.

तो शेवटच्या बोळाच्या बी टोकाला हुता, भिंतीला पाठ लावून, उभाच. बसलेला बी न्हाई. डोळं उघडं. सरांनी खांद्याला धरून आनला तर चालत आला, मुकाट, ऊन लागलं तवा कुठं दात वाजाया लागलं. घोंगडं पांघरलं, च्या पाजला. बरा हुता. जाकीट हुतं अंगात म्हनून.

"बेल का न्हाई वाजवलीस रं मर्दा?" सरांनी इचारलं. "वरडायचं तरी."

त्यानं कप खाली ठेवला. मग म्हनला, "मी बोळाच्या तोंडाशी आलो हुतो, गिनती आयकू येत हुती. आठ झालं. मी आतनंच म्हननार हुतो, तोंड उघडलं हुतं. तवर भाईर नऊ झालं. माजाच आवाज हुता, सर. मला वाटलं मी गेलो भाईर. मग लाईट गेली. मग मला कळंना की आत कोन ऱ्हायलंय."

कुनी हासलं न्हाई.

सरांनी मला बाजूला घेतलं. "कवा कळलं तुला?"

"पानी प्यायला गेले तवा."

"आन सांगितलंस कवा?"

"लगेच न्हाई सांगितलं, सर."

"ट्रंक भर," म्हनले. मी भरली. एस्टी यायच्या आधी पोरींच्या खोलीच्या दारात येऊन म्हनले, "सोमवारी ये. ट्रंक घरी ठेवून ये, म्हंजे न्यायची भीती ऱ्हायची न्हाई." घरी बापाला मी सगळं सांगितलं, पाच मिनटांसकट. फौजी मानूस. त्यानं आत्याला फोन केला न्हाई.

सोमवारी मी गेले. तो बी आला हुता, सगळ्यांच्या आधी. त्या चेंबरमधी आमाला नेलं न्हाई, फुडच्या लहानात नेलं, दार सताड उघडं ठेवून. काम झालं, भाईर आलो. सरांनी वही मिटली आन आमच्याकडं तोंड केलं. दहा नंबरला म्हनले, "तू आधी नजर फिरव." तिनं फिरवली, मान हलवली. मग, "गिनती लगाव."

आठ झालं.

तो माज्या समोर उभा, तीन हातावर. तोंड उघडलेलं. आवाज येईना. सगळी माज्याकडं बघाया लागली, सर सोडून. सर त्याच्याकडं बघत हुते. आन माजा गळा, मी न सांगता, आपापला तयार झाला. तो जाड, झोपाळू आवाज जिभेवर येऊन बसला हुता, नुसतं तोंड उघडायचा अवकाश. मी हातानं तोंड दाबलं. दात ओठात रुतलं. किती वेळ गेला काय म्हाईत, पंखे फिरत ऱ्हायले.

"नऊ," तो म्हनला.

बारीक आवाज. पातळ, जरा चिरका. आमच्यातल्या कुनीच तो आधी आयकला नव्हता. त्याला सवताला बी नवा असावा, कारन त्यानं दचकून गळ्याला हात लावला.

त्येच्यानंतर त्याचा जुना आवाज मला कवाच काढता आला न्हाई. तवा एवढंच झालं की जतकडचीनं त्याच्याकडं नीट बघितलं, खात्री केली, आन म्हनली, "दहा."