खिडक्यांमधला खांब

साल्मे कूसिक एस्टोनियातल्या टालिनच्या जुन्या गावात, लाई रस्त्यावरच्या पाचशे वर्षांच्या दगडी घरात राहिली ती एकतीस वर्षं. घर एका व्यापाऱ्यानं बांधलेलं, रस्त्याकडे उंच टोकदार भिंत करून उभं. पुढच्या दालनात त्याचे सौदे चालत. वरचे मजले नुसते धान्याचे नि मिठाचे. आढ्याखालच्या तुळईला कप्पी लावून पोती थेट रस्त्यावरून वर ओढत. माणसांना राहायला मागची एकच खोली. दुसऱ्या महायुद्धानंतर तिचेही दोन तुकडे झाले आणि त्यातला एक साल्मेला मिळाला.

साल्मे गिलावा करणारी. एकोणऐंशी साली घर दुरुस्तीला काढलं, भाडेकरूंना नव्या वस्तीत फ्लॅट मिळाले, तिलाही मिळाला. पण तिनं अर्ज करून बदली मागितली, ती नेमकी त्याच घराच्या दुरुस्तीवर.

"अगं, तिथून सुटलीस ना एकदाची?" तिची जोडीदारीण हिल्या म्हणाली. "पेन्शनीला दोन वर्षं राहिलीत, आणि निघालीस परत धूळ खायला!"

"तुझं नावही लिहिलंय अर्जात," साल्मे म्हणाली.

कामावर काल्यू नावाचा तरुण वास्तुतज्ज्ञ होता. मागच्या खोलीतल्या दोन खिडक्यांच्या मध्ये कोरीव खांब असल्याचं एक जुनं रेखाटन त्याच्याकडे होतं. भिंत मात्र सपाट. त्यानं दोन दिवस ठोकून पाहिली आणि कागद गुंडाळला.

"गेला खांब. खोलीत मधली भिंत घालताना कुण्या गाढवानं छिन्नी चालवून सपाट केला असणार."

साल्मे चुना कालवत होती. मान वर न करता म्हणाली, "ते गाढव मीच."

काल्यूनं गुंडाळलेला कागद परत उलगडला.

"अठ्ठेचाळीस साल. बावीस वर्षांची होते मी. मुकादम म्हणाला, नक्षी तोडून टाक, गिलावा बसला पाहिजे. त्या खांबावर एका बाईचा चेहरा आहे. माझ्याकडेच बघत होती. पुढे हात चालेना. मग लव्हाळ्याची चटई गुंडाळली, वर ओली माती थापली आणि त्यावर गिलावा केला. मुकादमाला म्हटलं, झालं तुझं काम."

"आणि एवढी वर्षं बोलली नाहीस? मला पण नाही?" हिल्या उखडली.

"तुला सांगितलं असतं तर संध्याकाळपर्यंत मुकादमाला कळलं असतं."

"साल्मेमावशी, मग उघडू या ना!" काल्यूचा आवाज चिरकला.

साल्मेनं पाचर हातात घेतली. ओल्या मातीनं दगड खाल्ला असला तर? एकतीस वर्षं त्याच भिंतीला पाठ लावून ती झोपली होती आणि रोज हाच विचार झटकत आली होती. तिनं पाचर लावली, हलकेच ठोकली. गिलाव्याचा पापुद्रा पावाच्या करपलेल्या सालीसारखा सुटला. माती नि कुजकी चटई निघाली तशी द्राक्षाची पानं दिसली, मग पोत्यांवर मारायची व्यापाऱ्याची खूण, मग बाईचा चेहरा, ओठांवर तांबड्या रंगाची पुसट रेघ.

काल्यूनं एका तुटक्या पानावरून बोट फिरवलं. "हे?"

"हे मात्र माझंच. एक घाव घातला, मगच थांबले."

"राहू दे तसंच," काल्यू म्हणाला. "जोडायचं नाही."

साल्मेनं हातातली पाचर खाली ठेवली आणि कुंचल्यानं त्या चेहऱ्यावरची उरलेली माती झाडली.

पेन्शन सुरू झाल्यावरही ती तिथंच काम करत राहिली. दुरुस्तीच्या तिसऱ्या हिवाळ्यात तळघरातली जुनी भट्टी दुरुस्त झाली. लाकडं जाळून वरचे धोंडे तापवले, धूर निघून गेल्यावर मागच्या खोलीच्या फरशीतली झाकणं काढली, आणि गरम हवा वर आली. साल्मेनं बूट काढले आणि मोज्यांनिशी फरशीवर उभी राहिली. हिल्यानं काळ्या पावावर खारवलेली मासळी ठेवून तिच्या हातात दिली.

"खाली ही भट्टी होती आणि तू एकतीस वर्षं कुडकुडलीस?"

"होती की," साल्मे घास चावत म्हणाली. "आम्ही तिच्यात बटाटे ठेवायचो."