वन्संची कानस

आंबेगाव आणि जुन्नर या दोन तालुक्यांत माझ्या थोरल्या नणंदेइतके तांबे कुणी चोरले नसतील, आणि चोरलेला माल इतक्या इमानाने ज्याच्या त्याच्या घरी परतही कुणी केला नसेल. मी त्यांना वन्सं म्हणते. त्या अवसरीला दिलेल्या, मी त्यांच्या माहेरी महाळुंग्यात. दोघींनीही पंचाहत्तरी ओलांडली आहे. माझं चौथीपर्यंत शिक्षण झालं, त्यांचं तेवढंही नाही.

वन्संचा धाकटा मुलगा बबन बावीस वर्षांचा असताना नारायणगावहून टोमॅटोच्या ट्रकवर क्लीनर म्हणून गेला. ट्रक परत आला, बबन आला नाही. ड्रायव्हर म्हणाला, वाटेत चहाला उतरला तो परत चढलाच नाही. पोलिसांत दिलं, देवऋषी झाले, उपयोग शून्य. आमच्याकडे अशा माणसाची बारा वर्षं वाट बघतात. बारा सरली की दर्भाचा माणूस करतात, त्याला अग्नी देतात आणि दहावं-तेरावं उरकून घेतात. वन्संच्या थोरल्या मुलाच्या पोरीचं लग्न जमेना. घरात सुतक अडकून पडलंय असं कुणीतरी सांगितलं, म्हणून थोरल्याने ते करून टाकलं. तेराव्याला पाहुण्यांना स्टीलचे तांबे वाटले, मशीनने बबनचं नाव घातलेले आणि नावाच्या आधी 'कै.'. वन्सं गोठ्यात जाऊन बसल्या होत्या. मी जेवायला बोलवायला गेले तर म्हणाल्या, "वहिनी, गवत जाळलं त्यांनी. गवताचं तेरावं मी जेवत न्हाई."

मला वाटलं, दोन दिवसांत निवळतील. त्याऐवजी त्या मला विचारायला आल्या की मेलेल्याची खूण नेमकी कोणती. मी तांब्यावर बोट ठेवून दाखवलं. हा क, त्याच्या डोक्यावर या दोन मात्रा. त्या बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "शिंगं हायेत की त्याला." आयुष्यात त्या एवढंच एक अक्षर शिकल्या. मग नवऱ्याची करवतीला धार लावायची कानस पेटीतून काढली आणि कामाला लागल्या. लग्न असो, बारसं असो, वास्तुशांत असो, वन्सं आधी स्वयंपाकघरात जायच्या, फळीवरचे तांबे उलटेपालटे करायच्या आणि शिंगं दिसली की तांब्या पदराखाली घ्यायच्या. घरी जाऊन कानशीने तेवढंच अक्षर घासून काढायचं आणि आठवड्याच्या आत एसटीने तांब्या परत नेऊन द्यायचा. बबनच्या नावाला त्या कानस लागू देत नसत. म्हणायच्या, "नाव ऱ्हाऊ दे. ते मी ठेवलंय."

घोडेगावला एका लग्नात त्या सापडल्या. घरची सून दारात आडवी उभी राहिली. "आत्या, पोटाशी काय धरलंय?"

"तांब्या."

"कशाला?"

"तुमी माझा ल्योक मारून फळीवर ठेवलाय. त्याला नीट करून आणते."

सून दारातून बाजूला झाली. वन्संनी उभ्यानेच चहा घेतला, कप विसळून ठेवला आणि तांब्या घेऊन निघाल्या. गुरुवारी परत आणून दिला, वर सुनेसाठी शेवग्याच्या शेंगा.

वाचता येत नसलं की चुका होतातच. आमच्या शेजारणीच्या नवऱ्याचेही तांबे तसेच वाटलेले. वन्संनी तोही एक घासून आणला. शेजारीण तांब्या घेऊन भांडायला आली. "माझा म्हातारा मेला तेच बरं झालं. तीस वरीस मार खाल्लाय मी त्याचा. त्याला कशाला उठवून बसवता?" वन्संनी कधी नव्हे ती माफी मागितली. माझ्या घरचा तांब्या तर इतका जोर लावून घासला की तो गळायला लागला. मी चिडून बोलले. त्या म्हणाल्या, "गळू दे. मेलेला तर न्हाई."

घराघरांतले तांबे संपत आले तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं की लोक जुनी भांडी मोडीत देतात आणि ती फिरून फिरून जुन्नरच्या बाजाराला जुन्या सामानात येतात. तेव्हापासून आम्ही दर रविवारी सकाळी मंचरच्या स्टँडवर भेटतो आणि जुन्नरला जातो. नाव वाचायला मी लागते. तो बाजार काही बघण्यासारखा नाही. माणूस गेलं की पंधरवड्यात त्याचं सामान तिथे येतं. गोणपाटावर चष्म्यांचा ढीग असतो, बंद पडलेली घड्याळं, किल्ली नसलेली कुलपं, कंदील, बैलांचे घुंगरू, टीव्हीचे रिमोट, दवाखान्यातून आणलेली चार पायांची काठी. एकदा कवळी पाहिली. मी विचारलं, ही कोण घेतं? दुकानदार म्हणाला, "आजी, ज्याच्या तोंडाला बसंल तो घेतो." वन्संना यातलं काही दिसत नाही. त्या वाकून फक्त भांडी हाताळतात, शिंगं दिसली की तांब्या विकत घेतात. सगळे दुकानदार त्यांना ओळखतात. एक जण लांबूनच ओरडतो, "आली बघा तांब्यावाली, झाकून ठेवा." मग तोच त्यांना बसायला डबा उपडा करून देतो.

माझं मत विचाराल तर बबन मेला आहे. ट्रक परत आला त्याच आठवड्यात मला तसं वाटलं होतं. एकदा एसटीत मी ते सरळ बोलूनही दाखवलं, कारण त्यांचे गुडघे सुजलेले होते आणि मलाही कंटाळा आला होता. वन्सं खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "तुमी शाळा शिकलाय. तुमाला म्हाईत असंल." पुढच्या रविवारी मंचरला आल्या, माझ्याआधी.

गेल्या रविवारी थंडी होती. दुकानं लागत होती. एका गोणपाटावर वन्संनी तांब्या उचलला, फिरवला आणि तिथेच खाली बसल्या. मी जवळ गेले. नावाच्या आधी खूण नव्हतीच, नुसती घासलेली खरखरीत जागा होती. त्यावर अंगठा फिरवत म्हणाल्या, "ही माझ्याच हातची हाय." म्हणजे त्यांनीच कधीतरी घासून, एसटीने नेऊन परत केलेला तांब्या त्या घरच्यांनी मोडीत काढला होता. मी वाचून दाखवलं, "बबन." पुढे 'यांचे स्मरणार्थ' असंही आहे. सगळ्या तांब्यांवर आहे. आणि त्याचा अर्थ काय होतो हे मी वन्संना आजवर सांगितलेलं नाही.

मला वाटलं, आता त्या विकत घेतील. त्यांनी पदराने तांब्या पुसला आणि होता तिथे ठेवून दिला.

दुकानदार म्हणाला, "काय झालं मावशी? न्या की."

"कशाला? आता त्याला काय झालंय? जाऊ दे कुणाच्यात बी."

तेवढ्यात डोंगराकडची एक बाई आली, डोक्यावर बोचकं, पायात पुरुषाच्या चपला. तिने तोच तांब्या उचलला. आत बघितलं, बुडाला टिचकी मारली, मग नाव वाचायला लागली. "बबन," ती मोठ्याने म्हणाली आणि तिची नजर पुढे सरकली. मी तिच्याकडे बघितलं. तिने माझ्याकडे बघितलं, मग खाली बसलेल्या वन्संकडे. पुढचं तिने वाचलं नाही.

"कोण म्हणायचं हे?" तिने वन्संना विचारलं.

"माझा ल्योक."

"काय करत्यात?"

"फिरतीवर असतो."

"बरं हाय," ती बाई म्हणाली. भाव न करता तिने तांब्या घेतला, बोचक्यात कपड्यांच्या मधोमध ठेवला आणि गाठ मारली. वन्सं उठल्या. गुडघ्यांचं नाव न काढता तिच्या मागोमाग स्टँडपर्यंत गेल्या, मीही गेले. बाई घाटाकडच्या गाडीत चढली. गाडी निघेपर्यंत आम्ही उभ्या होतो.

"ही कुठवर जाती?" वन्संनी विचारलं.

"रस्ता संपेपर्यंत," मी सांगितलं.

गाडी वळणाआड गेल्यावर त्यांनी डोक्यावरचा पदर पुढे ओढला. "तिकडं थंडी लई असती म्हणं."

असते, मी म्हटलं.