मामूंचे पाव्हणे

फुटबॉलच्या स्टेडियमवर इतकी वर्षं नोकरी करून मामूंनी एकही गोल धड पाहिला नव्हता. मॅच सुरू झाली की सगळं जग मैदानाकडे तोंड करून बसायचं आणि मामू मैदानाकडे पाठ करून, कमरेवर हात ठेवून, पायऱ्यांवरच्या माणसांकडे पाहत उभे राहायचे. लोक ओरडत उठले की त्यांना कळायचं, गोल झाला. मग ते मला विचारायचे, ‘‘आपला की त्यांचा?’’ मलाही ते सांगता यायचं नाही, कारण मी पुस्तक वाचत असे. तुम्हाला खेळ बघावासा वाटत नाही का, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, ‘‘डॉक्टरबाय, गोल व्हायचा तेव्हा होतो. पाव्हण्याच्या डोक्यावर ऊन आलं, ते कोण बघणार?’’

प्रेक्षक हा शब्द मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नाही. पायऱ्यांवर बसलेला प्रत्येक माणूस पाव्हणा. कॉलेजची पोरं पाव्हणे, त्यांचे मास्तर पाव्हणे, विरुद्ध संघाबरोबर आलेले तर खासे पाव्हणे. मामू सौदीतल्या जुबैलच्या एका टेक्निकल कॉलेजच्या स्टेडियमचे इनचार्ज होते. मूळचे दाभोळच्या खाडीकाठचे, उंच, मेंदी लावलेली दाढी आणि चार माणसांना पुरेल एवढा आवाज. केरळचे इलेक्ट्रिशियन, बंगाली सफाईवाले, सौदी विद्यार्थी, सगळेच त्यांना मामू म्हणायचे. विद्यार्थ्यांना तर तो एखादा हुद्दा आहे असंच वाटायचं.

मी तिथे पोचले ती नाइलाजाने. आमचं हॉस्पिटल मॅचच्या दिवशी कॉलेजला एक अँब्युलन्स आणि एक डॉक्टर द्यायचं. बाकी डॉक्टरांनी हात वर केले आणि नवीन म्हणून माझी वर्णी लागली. पहिल्याच दिवशी मी बहिणीशी फोनवर नागपुरी सुरात तक्रार करत होते, तर मागून आवाज आला, ‘‘आपल्याकडच्या काय?’’ त्या अफाट सिमेंटच्या पसाऱ्यात मराठी बोलणारी आम्ही दोनच माणसं. माझ्या बोलण्याची त्यांनी शेवटपर्यंत थट्टा केली आणि मी त्यांच्या हेल काढण्याची. पण गावाहून आलेल्या आमसुलांची सोलकढी डब्यातून आणली की ते आधी मला द्यायचे आणि मग स्वतः प्यायचे.

स्टेडियम मोठं होतं आणि तिथे यावं असं कोणाला वाटण्याजोगं त्यात काही नव्हतं. पायऱ्या दिवसभर तापायच्या आणि मॅचच्या वेळेला ऊन नेमकं डोळ्यांवर यायचं. दोन दारांपैकी एकच उघडायचं, कारण चौकीदार एकच होता. सामोसे सकाळचे असायचे. विद्यार्थी वर्ग सुटला की बसमध्ये बसून घरी जायचे आणि अकरा जण अकरा जणांशी जवळजवळ एकांतात खेळायचे. शेवटी डीनसाहेबांनी मामूंना बोलावून सौम्य शब्दांत सांगितलं की हा हंगाम पाहू, पायऱ्या अशाच रिकाम्या राहिल्या तर पुढच्या वर्षी मॅच दम्मामला होतील आणि इथे जवळच्या केमिकल प्लांटच्या शिफ्टच्या बसगाड्यांचं पार्किंग होईल.

तिथून मामू थेट माझ्या प्रथमोपचाराच्या खोलीत आले आणि पाणी मागून बसले. मैदान गेलं तर कंपनी त्यांना खुरूज देणार होती, म्हणजे इकामा, राहण्याचा परवाना, रद्द आणि कायमची घरवापसी. मी समजूत घालायला म्हटलं, घरी जायला मिळतंय, त्यात वाईट काय आहे?

‘‘घरी मी सुट्टीवर जातो, डॉक्टरबाय,’’ ते म्हणाले. ‘‘कायमचं जाऊन काय करतात, ते मला ठाऊक नाय.’’

तारुण्यापासून आखातात राहिलेला माणूस तो. त्यांनी ग्लास खाली ठेवला आणि म्हणाले, लोक येत नाहीत असं सगळे म्हणतात, पण त्यांना कोणी बोलावलंय कुठे?

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला कामाला लावलं. बसथांब्यापासून पायरीपर्यंत चाला, पायात सँडल, हातात थर्मास, कडेवर पोर असल्यासारखं, आणि जिथे पहिल्यांदा वैताग येईल तिथे थांबा. मी बसथांब्यावरच थांबले. फलकावरचा बाण कचऱ्याच्या पेट्यांकडे दाखवत होता. मामूंनी हुज्जत न घालता बाण बदलला आणि मला पुन्हा चालायला लावलं. असे आम्ही कितीदा तरी चाललो. फॅमिली विभागातलं बायकांचं बाथरूम त्यांना स्वतःला बघता येईना, म्हणून ते बाहेर दूर उभे राहून ओरडून विचारायचे, कडी लागते का, नळाला पाणी आहे का, पर्स टांगायला काही आहे का? मी आतून ओरडून उत्तरं द्यायची. एम.डी. होताना आपण पुढे हे करू असं मला वाटलं नव्हतं, पण खोटं कशाला बोलू, मजा येत होती.

दुपारी पायऱ्यांवर पाणी मारलं जाऊ लागलं. रोपवाटिकेत लावतात ती हिरवी जाळी वर ताणली गेली. दुसरं दार उघडलं. पण लोक निम्म्यातून उठून जात ते का, हे मात्र मामूंच्याच लक्षात आलं, कारण तेच एकटे लोकांकडे पाहत असत. सूर्यास्ताला मगरीबची अजान व्हायची, लोक नमाजाला लांबच्या मशिदीत जायचे आणि तिथून परत कशाला येतील? मामूंनी पायऱ्यांच्या मागेच गालिचे अंथरले, वुजूसाठी, म्हणजे नमाजाआधी हातपाय धुवायला, नळ बसवून घेतले आणि लीगवाल्यांच्या मागे भुणभुण लावली की मॅच अशी सुरू करा की अजानच्या वेळी हाफटाइम येईल. सूर्य दर आठवड्याला थोडा सरकतो, तशी मॅचही सरकवा. वेळापत्रकवाले वैतागले, पण नमाजाच्या विरोधात बोलणार कोण? तेव्हापासून उठून गेलेली माणसं परत येऊन बसू लागली.

वाद झाला तो गहव्यावरून, म्हणजे अरबी कॉफीवरून. जे खेळाडू राखीव म्हणून बसून असत, त्यांना मामूंनी खजूर आणि गहवा घेऊन आधी विरुद्ध संघाच्या लोकांकडे पाठवलं. आमचे कोच भडकले. शत्रूची एवढी सरबराई कशासाठी? मामू आपल्या मोडक्या अरबीत म्हणाले की वऱ्हाड उपाशी ठेवून लग्न लागत नाही. अरबांना पाहुणचार शिकवायला नको. पोरांनी हसत हसत किटल्या उचलल्या आणि कोचसाहेबांनीही एक कप घेतला.

तरीही येत होते ते विद्यार्थीच, आणि तेही थोडे. हंगाम संपत आला होता आणि निम्मं स्टेडियम रिकामंच होतं. आणि तशात मामूंच्या हातात माईक आला.

एरवी घोषणा करणारे मास्तर त्या दिवशी रियाधला गेले होते. मामू खूश झाले. गावाकडच्या टेनिस बॉल क्रिकेटच्या स्पर्धांमध्ये त्यांनी वर्षानुवर्षं कॉमेंट्री केलेली. ज्यांनी त्या स्पर्धा पाहिल्या आहेत त्यांना माहीत असेल, तिथे धावांपेक्षा स्वागत जास्त असतं. अमुक वाडीचे अमुक यांचं आपल्या मैदानावर आगमन झालेलं आहे, त्यांनी कृपया व्यासपीठाकडे यावं, असं अखंड चालू असतं. हुफूफच्या कॉलेजशी मॅच होती, बरोबरीत अडकलेली. तेवढ्यात दारातून प्लांटचा निळा युनिफॉर्म घातलेला एक माणूस आत आला, थेट शिफ्टवरून. आमच्या सात नंबरच्या फहदचे वडील. मुलगा इतके दिवस खेळत होता आणि बाप कधी फिरकला नव्हता.

मामूंचा आवाज सगळ्या कर्ण्यांतून घुमला. मरहबा, या अबू फहद! सात नंबरचे वडील आपल्या मैदानावर आलेले आहेत, दिवसभर काम करून आलेले आहेत, त्यांना जागा द्या. त्या क्षणी चेंडू फहदच्याच पायात होता. तो थांबला. त्याने मान वर करून पायऱ्यांवर बापाला शोधलं, आणि हुफूफवाल्यांनी तेवढ्यात चेंडू काढून नेऊन गोल केला. मामूंची नेहमीप्रमाणे मैदानाकडे पाठ. आरडाओरडा ऐकून त्यांनी माझ्याकडे वळून विचारलं, ‘‘आपला की त्यांचा?’’ माईक चालू होता. साऱ्या जुबैलने ते मराठी वाक्य ऐकलं.

आम्ही हरलो. कोचसाहेबांनी माईक हिसकावून घेतला आणि सर्वांसमोर मामूंना नको नको ते बोलले. डीनसाहेबांनी सकाळी भेटायला सांगितलं. मामू माझ्या खोलीत येऊन बसले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. मी ब्लडप्रेशर बघितलं, तेही चढलेलं.

‘‘टेनिस बॉलची सवय,’’ ते म्हणाले. ‘‘एक बॉल पडला की दुसरा पडेस्तोवर अख्ख्या गावाचं स्वागत होतं. हा फुटबॉल मेला थांबतच नाय.’’

मला हसू आवरलं नाही. मग तेही हसले, पण थोडंच. सगळं माझ्या हाताने घालवलं, असं म्हणाले. तेवढ्यात दारात निळा युनिफॉर्म दिसला. आता भांडण होणार म्हणून मी उठून उभी राहिले. अबू फहदनी विचारलं, तुम्ही मला ओळखलंत कसं? मामू म्हणाले, मुलानेच फोटो दाखवला होता, मी सगळ्या मुलांच्या वडिलांची नावं विचारून, चेहरे बघून ठेवलेत. त्या माणसाने मामूंचा हात दोन्ही हातांत धरला आणि म्हणाला की पुढच्या वेळी मुलाच्या आईलाही आणतो.

प्लांटमध्ये बातमी पसरायला वेळ लागत नाही. पुढच्या मॅचच्या आधीच बाप मंडळी आपापल्या मुलांना विचारू लागली की तो हिंदी माणूस आमचंही नाव घेईल का? मुलं कोचला विचारू लागली, कोच डीनसाहेबांना. बोलणी खायला गेलेले मामू परवानगी घेऊन आले. अट एकच, चेंडू चालू असताना तोंड बंद. त्यानंतर खेळ सुरू होण्याआधी आणि हाफटाइमला ते एकेकाचं स्वागत करायचे आणि नाव ऐकलं की इस्त्रीच्या पायघोळ थोबमधले धीरगंभीर गृहस्थ शाळकरी पोरासारखे लाजून हात वर करायचे. फॅमिली विभागात आया आल्या, आज्या आल्या, माझी मुलगीसुद्धा आली आणि ‘‘मम्मा, से माय नेम टू हिम’’ म्हणून माझ्या मागे लागली. शेवटच्या मॅचला पायऱ्या गच्च भरल्या. डीनसाहेब दारात उगाच रेंगाळत होते. त्यांचं नाव पुकारलं गेलं तेव्हाच ते आत आले.

मैदान वाचलं. आणि वाचलं म्हणूनच मामूंची नोकरी गेली. एवढे लोक येतात म्हटल्यावर कॉलेजने पुढच्या वर्षासाठी सगळा कारभार रियाधच्या एका मोठ्या इव्हेंट कंपनीला दिला. मोठे पडदे, मशीनची दारं, तरुण सौदी मॅनेजर. मला संताप आला. मी मामूंना म्हटलं की हा अन्याय आहे, तुम्ही काहीतरी बोला. ते मात्र त्या मॅनेजरला बसथांब्यापासून पायरीपर्यंत चालवत होते, कडेवर पोर असल्यासारखं. मांडव उभा राहिला, वाढपी बदलला तर काय झालं, एवढंच मला म्हणाले. मला ते पटलं नाही, अजूनही पटत नाही. पण ते रागावले नव्हते हे खरं.

निघण्याच्या आदल्या दिवशी ते आमच्या घरी जेवायला आले. खलास, डॉक्टरबाय, म्हणाले, आणि जेवता जेवता सांगू लागले. थोरल्या दोन्ही मुलींची लग्नं झाली तेव्हा ते सुट्टीवर गेले होते. त्यांनाच नवे कपडे घालून खुर्चीवर बसवलं, अत्तर लावलं आणि वरपक्षाबरोबर पहिल्या पंगतीला जेवायला घातलं. काही कामाला उठावं तर लोक म्हणायचे, तुम्ही बसा, लांबून आलात. तांदूळ कुठल्या खोलीत ठेवलाय तेही त्यांना माहीत नव्हतं. आता धाकटीचं ठरत होतं. इतकं बोलून त्यांनी आमटी मागून घेतली आणि नागपूरकडे आमटी तिखट का करतात यावर आमचं भांडण झालं.

काही महिन्यांनी त्यांचा फोन आला. आवाज पार बसला होता. मी घाबरून विचारलं, तर कळलं की धाकटीचं लग्न कालच झालं. मग तक्रारींचा पाऊस. मांडववाला उशिरा आला. वरपक्षाने सांगितल्यापेक्षा एक गाडी जास्त आणली. पाण्याचा टँकर चढणीला बंद पडला. आचाऱ्याला मटण कमी पडलं म्हणून ऐन वेळी दापोलीला माणूस पिटाळावा लागला. सकाळपासून दारात उभं राहून पायांची लाकडं झाली. सुनेने बसा म्हटलं, तर तिच्यावर ओरडलो, म्हणाले.

मी डॉक्टरकीने विचारलं की या सगळ्यात तुम्ही वेळेवर जेवलात तरी का?

‘‘जेवलो की,’’ मामू म्हणाले. ‘‘शेवटच्या पंगतीला, घरच्यांबरोबर. रस्सा संपला होता, डॉक्टरबाय. नुसता भात मिळाला.’’

इतक्या वर्षांच्या ओळखीत मी त्यांना एवढं खूश कधी ऐकलं नव्हतं.