रोज थोडा आधी उगवणारा तारा

चहा घ्या आधी. आणि हसणार नाही असं कबूल करा, म्हणजे सांगतो. आमच्या बिल्डिंगचं हसून झालंय, आता तुम्हीच उरलाय.

तर मी, पनवेलातला गणिताचा मास्तर, गच्चीवर पत्र्याचा भलामोठा कर्णा बसवला. कशाला? आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी पकडायला! बायकोची कपडे वाळत घालायची दोरी त्यापायी गेली. ती म्हणाली, "दिवाळीपर्यंत एक तरी तारा दाखवा. नाहीतर हे धूड भंगारात."

आता पनवेलात खरखर काय कमी आहे? मोबाइलचे टॉवर, पाण्याचे पंप, शेजाऱ्यांचे मिक्सर. त्यातून आकाशातलं ओळखायचं कसं? तर एक खूण असते. पंप आपल्या घड्याळाने चालतो, तारा त्याच्या. तो रोज चार मिनिटं आधी उगवतो.

आणि नवरात्रात मिळालाच! संध्याकाळी क्लासवरून येऊन मोबाइलवर कर्ण्याचा सिग्नल बघतो, तर रेघ ताडकन उभी. दुसऱ्या दिवशी थोडी आधी. तिसऱ्या दिवशी आणखी आधी. म्हटलं, हाच तो तारा!

तरी खात्री नको? गच्चीच्या बरोब्बर खाली नाझीरभाई राहतात. कुवेतहून परत आलेले, मार्केटात चपलांचं दुकान. त्यांना म्हटलं, "संध्याकाळी थोडा वेळ घरातलं सगळं बंद ठेवाल का?" बिचाऱ्यांनी फ्रिज, पंखे, टीव्ही बंद केले आणि घामाघूम होऊन बसले. रेघ तरी उभी राहिलीच. मग काय, मी बिल्डिंगभर पेढे वाटले. बायकोने पहिल्यांदाच कर्ण्यावरची धूळ पुसली.

नाझीरभाईंनी आम्हा दोघांना चहाला बोलावलं. "सर, तुमचा तारा आम्हाला पण दाखवा की."

मोबाइल टेबलावर ठेवून सगळे बघत बसलो. एवढ्यात भिंतीवरच्या त्यांच्या घड्याळातून मगरिबची, म्हणजे सूर्यास्ताची अजान सुरू झाली. आणि रेघ उभी. अजान संपली, रेघ आडवी.

मी घड्याळाकडे बोट केलं.

"हे बंद नव्हतं केलंत?" मी विचारलं.

"घड्याळ? ते बंद केलं तर नमाजचा वक्त कसा कळणार, सर? हल्ली सूरज लवकर बुडतो, म्हणून अजान पण रोज थोडी लवकर." मग जरा थांबून म्हणाले, "पाच वेळा वाजतं. तुम्ही संध्याकाळचंच बघता."

म्हणजे माझा तारा दिवसातून पाचदा उगवत होता! आणि रोज सरकत होता जेमतेम मिनिटभर. चार की एक, हे मोजायचं गणिताच्या मास्तराच्या डोक्यातच आलं नाही.

चिडून मी घड्याळाची वायर बघितली. "नाझीरभाई, असला भिकार अडॅप्टर कुठून आणलात? घड्याळ वाजायला लागलं की होणारी सगळी खरखर ह्याचीच."

ते बिचारे संकोचले. "सर, कुवेतवाला जळला. हा तुम्हीच दिला होता ना, तुमच्या जुन्या वायरींच्या खोक्यातला."

बायकोने शांतपणे चहा संपवला.

गच्चीवर दोरी परत आलीय. एक टोक टाकीला, दुसरं कर्ण्याला. दिवाळी होऊन गेली, तरी कर्णा काही भंगारात गेला नाही. बायको चादरी वाळत घालता घालता म्हणते, "राहू दे. घरचाच तारा आहे."