दिगूनं अडवलेला ट्रक

नांदेडजवळच्या विष्णुपुरीहून भाचीचा फोन आला तेव्हा मी लातुरात भाकरी थापत होते. "आत्या, बाबा गेले..." एवढंच बोलली. तवा उतरवला आणि नांदेडची बस धरली. त्याला आता दोन महिने झाले. दिगू माझा धाकटा भाऊ. लोक म्हणतात, भला माणूस होता. हट्टी होता, हे मी सांगते.

लातूरच्या एमआयडीसीत पत्र्याच्या शेडमध्ये तो आणि आणखी आठजण ट्रॅक्टरचे ब्रेकड्रम ओतायचे. मी त्यांचा चहा करायचे. ड्रम थंड झाला की दिगू तो साखळीला टांगून हातोडीनं ठोकायचा. आवाज घंटेसारखा लांबला तर माल चांगला, मधेच मेला तर आत चीर. पुढं मोटारींचं काम आलं, पुण्याचा भागीदार आला, शेवटी परदेशी कंपनीनं सगळंच विकत घेतलं. फाटकावरची पाटी तीनदा बदलली. माझ्या चुलीच्या जागी कँटीन झालं, त्यात मी भांडी घासायला. तपासणी मशीन करू लागलं आणि हातोडीला बंदी आली.

एक दिवस परदेशी साहेब पाहणीला आले होते. ट्रकात शेवटचे ड्रम चढत होते. दिगूनं जाता जाता साखळीला लटकलेल्या एकावर पाना मारला... आणि सरळ ट्रकपुढं जाऊन उभा राहिला.

"मामा, बाजूला व्हा. मशीननं पास केलाय," मॅनेजर दात आवळून म्हणाला.

"मशीनला कान हायत का?"

मी कँटीनमधून धावले. "दिग्या, गप घरला चल! पोरीचं कॉलेज अर्ध्यात हाय."

"आक्का, तू भांडे घास."

साहेबांनी काय भानगड म्हणून विचारलं. दिगूनं ठोकून ठोकून तीन ड्रमांवर खडूनं फुल्या मारल्या. ते कापायचं ठरलं. पहिला कापला. साफ. मॅनेजर हसला. दुसराही साफ. दिगूच्या मानेवरून घाम गळत होता, आणि मी मनात त्याला शिव्या देत होते. तिसरा कापला... केसाएवढी चीर, आतून काळी. ट्रक रिकामा झाला.

शाबासकी नाही मिळाली. दुसऱ्या दिवशी हातात कागद आला: पाहुण्यांसमोर कंपनीची बेअब्रू केली, माफी मागतो. खाली सहीला जागा.

"कर सही. तुझं काय जातंय?" मी म्हणाले.

"चीर व्हती का न्हाई?"

"व्हती."

"मंग?"

नोकरी गेली. पोरीचं कॉलेज सुटलं. तो नांदेडला ट्रॅक्टर दुरुस्तीच्या दुकानात शेवटपर्यंत राबला. तीन वर्षं मी त्याच्याशी बोलले नाही.

गेल्या आठवड्यात भाचीनं आणि मी त्याची खोली आवरली. पेटीत कपड्यांखाली तो कागद निघाला. सहीची जागा कोरी. भाचीनं उभ्या उभ्या वाचला. मला वाटलं, फाडेल. तिनं होती तशी घडी घातली आणि परत पेटीत ठेवला. दिगू समोर असता तर आजही म्हणाले असते, कर सही. त्यानं केली नसती.